आडवं काज

नाटकगृहाच्या मागच्या बोळात कपडेपटाची एक लांबट खोली होती. राजे, भिकारी, वकील, डाकू आणि डॉक्टर तिथे एकाच दांडीवर गुण्यागोविंदाने लटकत. त्यांची उसवण-शिवण, धुणं-इस्त्री आणि भाड्याने देणं-घेणं जो माणूस सांभाळी, त्याला सगळं नाटकगृह मामा म्हणत असे. तो नेमका कोणाचा मामा हे कोणी विचारलं नव्हतं. त्याची बायको आपोआपच मामी झाली होती. फक्त तिचा धाकटा भाऊ, म्हणजे मामांचा मेहुणा, त्यांना दाजी म्हणे. तो मामांच्या हाताखाली कपडेपटातच काम करायचा. केस दोघांचेही पिकले होते, पण मामांच्या लेखी मेहुणा अजून लहानच होता.

दांडीच्या अगदी शेवटी, एका पडद्याआड, पोलिसांच्या वर्द्या असत. त्या अशा वेगळ्या ठेवायचं कारण म्हणजे परवाना. खऱ्यासारखी वर्दी शिवायची तर सरकारची परवानगी लागते, आणि तिच्यात दोन अटी असतात. वर्दी रंगमंचाबाहेर जाता कामा नये, आणि खऱ्या वर्दीपासून वेगळी ओळखू यावी अशी एखादी खूण तिच्यात हवी. मामांनी आपली खूण फार विचार करून ठरवली होती. पोलिसांच्या शर्टाची पुढची सगळी काजं उभी असतात. मामा खालून दुसरं काज आडवं घालत. प्रेक्षकाला ते दिसत नसे, नटाला कळत नसे. बटण लावताना बोट जरा अडखळे, एवढंच. पण ज्याला माहीत आहे त्याला दहा हातांवरून सांगता यावं, हा पोलीस आमचा.

परवाना गेला तर वर्द्या जाणार आणि वर्द्या गेल्या तर नाटकवाले दुसऱ्या कपडेपटाकडे जाणार, हे मामांना पक्कं ठाऊक होतं. "तिसऱ्या अंकात पोलीस येत नाही असं नाटक मला दाखवा," ते म्हणत. "लेखकाला पुढचं सुचलं नाही की दारावर थाप पडते आणि पोलीस येतो. आपलं पोट त्याच्यावर आहे."

अशात शहरात एक बातमी पसरली. वर्दीतले दोघे जण रस्त्यात माणसांना थांबवतात, ओळखपत्र मागतात आणि 'चौकीवर येऊन घेऊन जा' म्हणत कार्ड खिशात घालून चालते होतात. चौकीवर जावं तर तिथे कोणाला काही पत्ताच नसतो. त्या कार्डांचं पुढे काय होत असेल याबद्दल लोक एकमेकांना इतकं काही सांगत, की खरं कोणतं आणि तिखटमीठ कोणतं ते देवच जाणे. मग खोटे पोलीस पकडायला खरे पोलीस बाहेर पडले. तेही रस्त्यात माणसांना थांबवून ओळखपत्रं मागू लागले. म्हणजे आता समोरचा कोणत्या जातीचा पोलीस आहे, हे ओळखायला काही मार्गच उरला नाही.

एके दिवशी मेहुणा मामांच्या घरी जेवायला थांबला होता. ताटावर हाच विषय निघाला.

"यात एवढं डोकं लढवायचं काय?" मेहुणा म्हणाला. "पोलिसाने मागितलं की दाखवायचं. आपल्याला लपवायचंय काय?"

"लपवायचं काही नाही म्हणून मी येता-जाता दाखवत सुटू?" मामा म्हणाले. "मला लपवायचं काही नाही, म्हणून मी अंघोळ दार उघडं टाकून करतो का?"

"अहो, जेवताना काय हे!" मामी म्हणाली.

"मी म्हणतो, आधी त्याने आपलं दाखवावं. मग मी माझं दाखवीन."

"दाजी, तो वर्दीत असतो ना?"

"वर्दीत!" मामांना हसू आवरेना. "अरे मेहुण्या, तू आणि मी रोज पोलिसांना मानेला धरून हँगरवर टांगतो. वर्दीचं मला नको सांगूस."

"पण सगळेच असं म्हणायला लागले तर पोलिसांनी काम कसं करायचं?"

"आणि सगळेच तुझ्यासारखे नंदीबैल झाले, तर चोरांना आणखी काय हवं?"

"दोघांनीही दाखवू नका," मामी म्हणाली. "आधी ताटं रिकामी करा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी पडदा सारला आणि शेवटचा हँगर रिकामा दिसला.

प्रथम त्यांनी खाली पाहिलं. मग दांडीवरचा एकेक कपडा बाजूला सारला. राजाच्या झग्याखाली पाहिलं, डाकूच्या घोंगडीत हात घातला, इस्त्रीच्या टेबलाखाली वाकले. पँट होती, टोपी होती, पट्टा होता. शर्ट नव्हता. मामा मटकन स्टुलावर बसले. गावात खोटे पोलीस फिरताहेत आणि आपल्याकडचा शर्ट नाहीसा झालाय! कोणी येऊन एवढं पाहिलं असतं, तरी परवान्याचा निकाल लागला असता.

खरं म्हणजे त्यांनी उठून सरळ विचारायला हवं होतं, शर्ट कोणी घेतलाय का म्हणून. घरी मामी होती, कपडेपटात मेहुणा. तिसऱ्याकडे किल्लीच नव्हती. पण मामांचा स्वभाव असा, की एकदा मनात पाल चुकचुकली की तोंडाला कुलूप लागे. मामीला विचारावं, तर तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. ती भावाला सांगणार. आणि भावाला कळलं तर, जर तो भाऊच असेल तर, तो सावध होणार. म्हणून मामांनी पडदा ओढला आणि ते कोणाला काही न बोलता पाळत ठेवू लागले.

पाळत ठेवली की काय, जे पाहावं ते दिसतं. मेहुणा शीळ घालत काम करत होता. एवढी शीळ घालण्यासारखं याच्या आयुष्यात काय घडलं? तो हल्ली लवकर निघत होता. त्याच्या पायांत नवे बूट होते. आणि त्याची पिशवी! आल्या आल्या ती खुर्चीखाली सरकवायची आणि जाताना काखेत घट्ट दाबून न्यायची. पिशवी तो वर्षानुवर्षं तशीच धरत आला होता, पण मामांनी ती पाहिली ती आताच.

"काय रे, तो पोलिसांचा सेट पुढच्या नाटकाला काढायचाय ना?" मामांनी ताकाला जाऊन भांडं लपवल्यासारखं विचारलं.

"काढू की. घाई काय आहे?" मेहुणा मान वर न करता म्हणाला.

घाई काय आहे! मामांनी ते वाक्य मनातल्या मनात उलटंपालटं करून पाहिलं. निर्दोष माणूस 'घाई काय आहे' म्हणेल का? म्हणेलही. पण चोरही तेच म्हणेल.

असे दोन-तीन दिवस गेले. मामांची झोप उडाली. शेवटी एका सकाळी मेहुणा रंगाऱ्याकडे जायला म्हणून पिशवी काखेत मारून उठला, आणि मामा दारात आडवे आले.

"पिशवी उघड."

"काय?"

"पिशवी. उघडून दाखव."

मेहुणा आधी हसला. थट्टाच वाटली त्याला. मग त्याने मामांचा चेहरा पाहिला आणि त्याचं हसू हळूहळू मावळलं.

"काय हरवलंय दाजी?"

"ते मी सांगत नाही. तू उघड."

"नाही उघडणार."

"का? त्या दिवशी तर जेवताना मोठं तत्त्वज्ञान सांगत होतास! लपवायचं काही नसलं की दाखवायला काय हरकत आहे म्हणून!"

"पोलिसाला दाखवीन की," मेहुणा म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "पोलीस परका आहे. तो मला ओळखत नाही, म्हणून विचारतो. तुम्ही मला ओळखत नाही का?"

मामा तेच पुन्हा म्हणाले, जरा मोठ्याने. मेहुण्याने कपडेपटाची किल्ली खिशातून काढून इस्त्रीच्या टेबलावर ठेवली, पिशवी काखेतच ठेवून मामांच्या बाजूने अंग चोरून बाहेर पडला आणि बोळातून निघून गेला.

'बघ, उघडली नाहीच,' मामा स्वतःशी म्हणाले. पण त्यांना वाटला होता तेवढा विजय काही वाटला नाही.

आता रंगाऱ्याकडे कपडे पोचवायला त्यांनाच जावं लागलं. पाठीवर गाठोडं घेऊन ते पुलाच्या टोकाशी आले. तिथे एक फळवाली बसत असे, आणि तिच्या गाडीशेजारी आज एक पोलीस उभा होता. तरुण, अंगाने भरलेला, मिशी नुकतीच कोरलेली.

"काका, जरा थांबा. ओळखपत्र बघू."

मामांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांची नजर आधी कपड्यावर गेली. शर्ट पोटावर किंचित ताणलेला होता. ताण पडला की काज उघडं पडतं. खालून दुसरं काज आडवं होतं.

तोच शर्ट! काजाच्या कडेचे टाकेसुद्धा त्यांचे स्वतःचे, आईने आपलं मूल ओळखावं तसे ओळखीचे. म्हणजे मेहुण्याने शर्ट विकला, आणि विकला तो नेमका या भामट्याला.

"काका, कार्ड."

"आधी तुमचं दाखवा," मामा म्हणाले.

"माझं?" पोलीस गोंधळला. "मी पोलीस आहे."

"म्हणूनच."

"वर्दी दिसत नाही का?"

"दिसते ना. चांगली दिसते."

फळवालीने हातातलं फळ खाली ठेवलं. येणारे-जाणारे दोघे-चौघे रेंगाळले.

"दाखवा की आजोबा," फळवाली म्हणाली. "कार्डच मागतोय, तुमची मुलगी नाही मागत."

"का म्हणून दाखवायचं?" छत्री घेतलेला एक गृहस्थ मध्ये पडला. "ते काय चोर आहेत? काल माझ्या साडूचं कार्ड नेलं असंच एकाने."

"अहो, पण हा खरा असला तर?"

"खरा असला तर दाखवील की आपलं!"

पोलिसाने कपाळावरचा घाम पुसला. खरा पोलीस एव्हाना खेकसला असता, मामांना वाटलं. हा खेकसत कसा नाही? आणि याची नजर माझ्या गाठोड्यावरून माझ्या तोंडाकडे, तिथून पुन्हा गाठोड्याकडे का जातेय?

"काका, तुम्ही... तुम्ही नाटकाच्या कपड्यांचे का?" पोलिसाने हळूच विचारलं.

झालं! मामांची उरलीसुरली शंका फिटली. ओरडावं तर परवाना जातो. न ओरडावं तर हा भामटा आपला शर्ट घालून उद्या आणखी कोणाला लुबाडतो. क्षणभर ते दोहोंच्या मध्ये लोंबकळले. मग त्यांच्याच्याने राहवेना.

"हा पोलीस नाही!" ते ओरडले. "हा शर्ट माझा आहे! हे काज बघा! आडवं आहे, आडवं!"

सगळ्यांनी पोलिसाच्या पोटाकडे पाहिलं. पोलिसानेही पाहिलं. गर्दीने एक पाऊल पुढे टाकलं. छत्रीवाल्याने छत्री मिटून दांडा पुढे केला. पोलीस मागे सरकला तो फळांच्या गाडीला टेकला.

"दाखवतो, दाखवतो!" त्याने घाईघाईने पँटच्या खिशातून कार्ड काढलं आणि पुढे धरलं. ते फळवालीने घेतलं. तिने फोटोकडे पाहिलं, पोलिसाकडे पाहिलं, कार्ड उलटं करून मागचा शिक्का नखाने खरवडला.

"ह्याचाच आहे," ती म्हणाली. "फोटोत जरा बरा दिसतो, एवढंच."

"शिक्का?" छत्रीवाल्याने विचारलं.

"शिक्का तर खरा आहे बाई. माझ्या भाच्याच्या कार्डावर असाच आहे. तो पण पोलिसात आहे."

पोलीस मामांच्या कानाशी वाकला. "काका, पाया पडतो, हळू बोला. माझ्या शर्टावर इस्त्री विसरलो, भोक पडलं. दुसरा मिळायला वेळ आहे आणि आमचे साहेब कपड्यांवरून रोज धारेवर धरतात. मामींनी दिला. माझी सासू त्यांची मैत्रीण आहे. आज संध्याकाळी परत करणार होतो, शपथ."

"कोणत्या मामींनी?" मामांनी विचारलं. विचारतानाच त्यांना उत्तर कळलं होतं.

इतक्यात पलीकडे उभ्या असलेल्या गाडीचं दार धाडकन लागलं आणि फौजदार रस्ता ओलांडून आले. "काय तमाशा चाललाय?"

गर्दी एकदम सभ्य झाली. छत्रीवाल्याला काहीतरी आठवलं आणि तो निघून गेला. पोलिसाने दोन्ही हात पोटावर धरले होते, पोटात दुखत असल्यासारखे. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. एक शब्द, फक्त एकच शब्द, आणि या पोराची नोकरी, आपला परवाना आणि घरातली बाई, तिन्ही एकाच गाडीत बसून चौकीवर जाणार.

मामांनी गाठोडं खाली ठेवलं. आतल्या खिशात हात घातला आणि आपलं ओळखपत्र काढून दोन्ही हातांनी पुढे धरलं.

"काही नाही साहेब. मला कार्ड सापडत नव्हतं. या भाऊंनी जरा धीर धरला, त्यात लोक जमले."

फौजदारांनी कार्ड न्याहाळलं. "पोलिसांनी मागितलं की दाखवावं काका. यात वाद घालण्यासारखं काय आहे?"

"बरोबर आहे साहेब."

"लपवायचं काही नाही ना?"

"नाही साहेब," मामा म्हणाले. इतकं धडधडीत खोटं ते फार दिवसांत बोलले नव्हते.

फळवाली सगळं ऐकत होती. तिने मामांकडे असं पाहिलं की त्यांनी गाठोडं उचललं आणि तिच्याकडे पाठ करून चालू पडले.

घरी मामी दारातच भेटली. मामांनी एका दमात सगळं सांगितलं. ती कपाळावर हात मारून म्हणाली, "मग मला विचारायचं नाही का?"

"तू मला सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर दिला असता तुम्ही?"

"नसता दिला! गावात काय चाललंय, ठाऊक नाही तुला?"

"आहे की ठाऊक. म्हणून आधी त्याचं कार्ड बघितलं आणि मगच दिला. चार दिवसांनी गुपचूप लावून ठेवला असता तर तुम्हाला पत्ताही लागला नसता." मग तिच्या काहीतरी ध्यानात आलं. "तुम्ही इतके दिवस कोणावर संशय घेत होतात?"

मामा वाकून चपला काढू लागले.

"अहो, कोणावर?"

त्यांनी सांगितलं. पिशवीचंही सांगितलं. मामी रागावेल, तोंडाचा पट्टा सोडील, अशी त्यांची तयारी होती. पण तिने नुसत्या चपला घातल्या आणि ती भावाच्या घरी निघून गेली. शर्ट संध्याकाळी आला, धुऊन, इस्त्री करून. मामी त्याच्याही नंतर आली.

"येतोय तो उद्यापासून," एवढंच ती म्हणाली.

मेहुणा खरोखरच आला. मामांनी त्याच्यासाठी चहा मागवून ठेवला होता. "चुकलं माझं," असं म्हणायचं त्यांनी घरून ठरवून आणलं होतं आणि ते तसं म्हणालेही. मेहुण्याने मान हलवली, चहा घेतला, सुईत दोरा ओवला आणि कामाला लागला. काम पूर्वीसारखंच चोख. विचारलं तर उत्तर देई. शीळ मात्र थांबली. पुढे परवान्याचे लोक येऊन पडदा सारून वर्द्या बघून गेले, सगळं जागच्या जागी होतं, काजं तपासून त्यांनी मामांची तारीफही केली. मामांनी ती अर्धवट ऐकली.

कारण परत आल्याच्या पहिल्याच संध्याकाळी निघताना मेहुणा दारात थांबला होता. काखेतली पिशवी काढून, तिचं तोंड दोन्ही हातांनी फाकवून त्याने ती मामांपुढे धरली होती.

"अरे, हे काय?" मामा म्हणाले होते. "नको रे. लाज वाटते मला. जा तू."

मेहुणा गेला नव्हता. रागाने नाही, टोमण्याने नाही, नुसता उभा राहिला होता. शेवटी मामांनी एकवार पिशवीकडे पाहिल्यासारखं केलं, तेव्हा तो "येतो" म्हणून गेला होता. दुसऱ्या संध्याकाळी तेच. तिसऱ्या संध्याकाळी तेच. मामांनी समजावून पाहिलं, रागावून पाहिलं, निघायच्या वेळी मुद्दाम पाठमोरं बसून पाहिलं. मेहुणा दारात थांबे.

"तुझ्या ताईला तरी सांगू का तुला समजवायला?"

"ताईला कशाला त्रास? पिशवीच आहे. दाखवायला काय हरकत आहे?"

महिना असाच सरला. एका संध्याकाळी मामा कॉलरला अस्तर लावत होते. पिशवी समोर आली. हातातली सुई तशीच धरून, नको नको म्हणत, त्यांनी मान उचलली. आत रिकामा डबा होता, चष्म्याचं घर होतं आणि घडी घातलेला मफलर होता. घडी जरा जाड दिसत होती. मफलर इतका जाड असतो का? मामांची नजर घडीवर थांबली, जेवढी थांबायला हवी होती त्याहून थोडी जास्त.

मेहुण्याने ते पाहिलं. त्याने मफलर उचलून झटकला आणि पिशवी आणखी थोडी पुढे धरली.

"झालं?" त्याने विचारलं.

"झालं," मामा म्हणाले.